गडद निळी पँट
न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. आमच्या घरात बंदराची पहिली नोकरी यंदा आली. धाकट्याला कंटेनर यार्डात गडद निळी पँट सक्तीची. तयार मिळाली ती निव्वळ पॉलिस्टर. घाम शोषेना, सजद्यात गुडघ्यावर ताणली जाई. शेवटी मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का, तिथून मंगलदास मार्केट. ट्यूबलाइटखाली निळा दिसलेला तागा दारातल्या उजेडात जांभळा निघाला! (भगिनींनो, कापड नेहमी दिवसाउजेडी पाहावं.) मग टेरिकॉट घेतलं: सुतामुळे घाम शोषला जातो, पॉलिस्टरमुळे चुण्या कमी पडतात. सासूबाईंनी ते आधी रात्रभर भिजवलं, कारण सूत आटतं. शिंप्याने आसन सैल ठेवलं, लांबी घोट्याच्या वर बेतली. पहिल्या जुम्म्याला धाकटा यार्डातून थेट मशिदीत गेला, कपडे न बदलता.