दून खीन : एका आयरिश पॅरिशची भूमी, नामे आणि भाषा

आयर्लंडच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास ‘पॅरिश’ या संज्ञेचे दोन अर्थ प्रथम वेगळे करावे लागतात. धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर मध्ययुगीन पॅरिशांच्या सीमा राजमान्य चर्चने कायम ठेवल्या आणि पुढे मोजणी व शिरगणती यांसाठी त्याच ‘नागरी पॅरिश’ म्हणून रूढ झाल्या. बहुसंख्य कॅथलिक समाजाला मात्र प्रतिकूल कायद्यांच्या काळात आपली व्यवस्था नव्याने उभारावी लागली व त्यात अनेक जुने पॅरिश एकत्र झाले. केरी परगण्यातील दून खीन (इंग्रजी रूप डंक्विन) हा असाच स्वतंत्र नागरी पॅरिश असून कॅथलिक व्यवस्थेत तो शेजारच्या बॅलीफेरिटर पॅरिशमध्ये मोडतो. या एका पॅरिशच्या आधारे भूमी, स्थलनामे आणि भाषा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

दून खीन हा डिंगल द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाचा प्रदेश होय. पूर्वेस 516 मीटर उंचीचा माउंट ईगल, पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि या दोहोंमधील उतारावर शेते व वस्त्या, अशी त्याची रचना आहे. आयर्लंडच्या मुख्यभूमीच्या अतिपश्चिमेच्या टोकांपैकी एक, डनमोर हेड, याच पॅरिशात येते. सुमारे 2 किलोमीटर रुंदीच्या खवळत्या सामुद्रधुनीपलीकडील ग्रेट ब्लास्केट बेटही याच पॅरिशाचा भाग आहे. बेटावर चर्च नव्हते. मृतांना नावेतून दून खीनच्या दफनभूमीत आणण्याची रीत होती. सीमा नकाशावर दाखविता येते. परंतु पॅरिश म्हणजे काय, हे या प्रवासावरून अधिक चांगले कळते.

डनमोर हेडवर ओघम लिपीतील एक शिलालेख आहे. त्यात एर्क नामक पुरुषाचा निर्देश असून त्याचे कुल ‘दोविनिआ’ या पूर्वजेपासून सांगितले आहे. ‘कोर्का घीन्य’, म्हणजे दोविनिआचे वंशज, हे या द्वीपकल्पाचे आयरिश नाव त्याच शब्दापासून आले आहे. इंग्रजी दप्तरात त्याचेच ‘कॉर्कगिनी’ झाले. सुमारे दीड सहस्र वर्षे एकच नाव शिळेवर, मुखात आणि दप्तरात टिकून राहावे, हे भाषेच्या अभ्यासकास विशेष मोलाचे वाटेल.

पॅरिशहून लहान घटक म्हणजे ‘टाउनलँड’. 1824 मध्ये सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्वेक्षणाने देशातील सर्व टाउनलँडांची नावे इंग्रजी वर्णविन्यासात निश्चित केली. यात दोन पद्धती दिसून येतात. पहिली ध्वन्यनुकरणाची : ‘कूम यीनोल’चे ‘कूमीनोल’ झाले. यातील ‘कूम’चा अर्थ खोलगट दरी असा आहे, इंग्रजी रूपात ध्वनी राहिला, अर्थ मात्र हरपला. दुसरी भाषांतराची : ‘बाल्ये व्हिकारे’चे ‘व्हिकर्सटाउन’ झाले, येथे अर्थ राहिला, ध्वनी गेला. दोन्ही प्रकारांत नाव आपल्या मूळ भाषेपासून तुटले.

या भूमीने आयरिश साहित्याला मोठे देणे दिले आहे. ग्रेट ब्लास्केटच्या टोमास ओ क्रिहन यांचे आत्मचरित्र 1929 मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिकर्सटाउन येथे जन्मून बेटावर नांदावयास गेलेल्या पेग सेयर्स यांचे आत्मकथन 1936 मध्ये आले. तथापि ग्रंथांनी बेट तगले नाही. 1911 च्या शिरगणतीत तेथे 160 लोक होते. तरुण मंडळी अमेरिकेस जात राहिली, आणि नोव्हेंबर 1953 मध्ये शासनाने बेट रिकामे करण्यास प्रारंभ केला, तेव्हा अवघे 22 जण उरले होते. त्यांतील अनेकांचे पुनर्वसन समोरच्या दून खीनमध्येच झाले.

मुख्यभूमीवरही भाषेपुढील प्रश्न सुटला नव्हता. 1970 मध्ये दून खीनची शाळा शासनाने बंद केली. ग्रामस्थांनी तो निर्णय मानला नाही; त्यांनी वर्ग चालूच ठेवले व 1973 मध्ये शाळेस पुन्हा मान्यता मिळाली. पुढे 2003 च्या राजभाषा अधिनियमानुसार काढलेल्या आदेशाने 2005 पासून गेल्टाख्ट, म्हणजे आयरिशभाषक प्रदेशांतील, आयरिश स्थलनामांनाच विधिमान्यता लाभली.

असा आदेश गावाचे नाव परत आणू शकतो. पण प्रत्येक खडकाला, ओढ्याला, शेताच्या तुकड्याला असलेली नावे नकाशाहून अधिक बोलणाऱ्यांच्या मुखी असतात. ‘श्याहावक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या संशोधकाने 1930 च्या दशकात या प्रदेशातील नावे पॅरिशवार संकलित केली, याचे महत्त्व येथेच आहे. संकलनाने नावाची नोंद टिकते. नाव टिकण्यासाठी मात्र ते घेऊन त्या ठिकाणी रोज जाणारा माणूस असावा लागतो. म्हणून दून खीनच्या इतिहासात त्या शाळेचे स्थान प्राचीन शिलालेखाहून गौण मानता येणार नाही.