छोटा रोहित (जलाशयावरील ओळख)

छोटा रोहित हा रोहित (फ्लेमिंगो, अग्निपंख) कुळातील सर्वांत लहान पक्षी होय. शास्त्रीय नाव : फिनिकोनायस मायनर. भारतात त्याच्यासह मोठा रोहित (फिनिकॉप्टेरस रोझियस) ही दुसरी जाती आढळते. ठाणे खाडीत छोटे रोहित मोठ्या संख्येने येतात. भीमा नदीवरील उजनी जलाशयात, म्हणजेच भिगवण परिसरात, मात्र प्रामुख्याने मोठे रोहित उतरतात. त्यामुळे तेथील थव्यात छोटा रोहित असल्याचे वाटल्यास त्याची ओळख काळजीपूर्वक पटवावी लागते.

आकार व रंग

मोठ्या रोहिताची उंची साधारणपणे ११० ते १५० सेंमी., तर छोट्याची ८० ते ९० सेंमी. असते. दोन्ही जाती शेजारी उभ्या असल्यास हा फरक सहज लक्षात येतो. परंतु दूरच्या, एकट्या पक्ष्याच्या उंचीचा अंदाज हमखास चुकतो. शिवाय मोठ्या रोहिताची मादी नरापेक्षा लहान असते, आणि खोल पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत. छोट्या रोहिताचा गुलाबी रंग बहुधा अधिक गडद असतो. तथापि दोन्ही जातींत हा रंग अन्नातील कॅरोटीन वर्गातील रंगद्रव्यांपासून येत असल्याने तो कमीअधिक होतो. म्हणून केवळ आकार किंवा केवळ रंग यांवरून जाती ठरवू नये.

चोच

सर्वांत विश्वसनीय खूण चोचीची आहे. प्रौढ मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असून केवळ टोक काळे असते; ही दुरंगी विभागणी दुर्बिणीतून लांबूनही ओळखता येते. प्रौढ छोट्या रोहिताची चोच गडद किरमिजी असते व दुरून ती संपूर्ण काळपट भासते. डोळ्यांचा रंगही साहाय्यक ठरतो : मोठ्याचे डोळे फिकट पिवळे, तर छोट्याचे नारिंगी-तांबडे असतात.

चरण्याची रीत

दोन्ही जाती मान वाकवून, डोके उलटे धरून, चोचीतील कंगव्यासारख्या पट्ट्यांनी पाणी गाळतात. मोठा रोहित डोके खोल बुडवून तळाच्या चिखलातील लहान कवचधारी प्राणी, कीटकांच्या अळ्या व बिया टिपतो. छोट्या रोहिताच्या चोचीतील पट्ट्या फार बारीक असून तो मुख्यतः पृष्ठभागाजवळील सूक्ष्म नीलहरित शैवाल गाळून खातो. असे शैवाल खाऱ्या व अल्कधर्मी पाण्यात विपुल वाढते. गोड्या पाण्याच्या जलाशयावर ही जाती कमी दिसण्याचे कारण यावरून उमगते.

अपरिपक्व पक्षी

दोन्ही जातींची अपरिपक्व पिले राखी-तपकिरी असतात व त्यांना प्रौढ रंग येण्यास काही वर्षे लागतात. बहुतेक चुका येथेच होतात : मोठ्या रोहिताचे राखी, ठेंगणे पिलू ‘छोटा रोहित’ म्हणून नोंदले जाते. अशा वेळी चोचीचे राखी बूड व काळे टोक यांत स्पष्ट भेद दिसतो का, हे पाहावे. तसा भेद दिसल्यास तो पक्षी मोठा रोहित समजावा.

नोंदीचे महत्त्व

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत छोटा रोहित ‘संकटसमीप’ आहे, तर मोठ्या रोहिताची स्थिती तितकी चिंताजनक मानलेली नाही. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसारख्या उपक्रमांत सामान्य निरीक्षकांच्या नोंदी वापरल्या जातात. चुकीच्या नोंदीमुळे संकटसमीप जाती प्रत्यक्षाहून अधिक ठिकाणी असल्याचा समज होऊ शकतो. म्हणून नोंदीसोबत चोच स्पष्ट दिसेल असे छायाचित्र जोडणे इष्ट ठरते. खात्री नसल्यास ‘रोहित, जाती अनिश्चित’ अशी नोंद करणे अधिक उपयुक्त असते. छायाचित्रासाठी नाव थव्याजवळ नेल्यास पक्षी चरणे सोडून उडतात व त्यांची शक्ती व्यर्थ खर्च होते. त्यामुळे निरीक्षण दुरूनच करावे.