येशू देव कसा? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाताळच्या सुट्टीत जयपूरला जाणारी मराठी मंडळी कित्येकदा आग्र्याकडून येतात आणि वाटेत फत्तेपूर सिक्रीला उतरतात. तिथल्या बुलंद दरवाज्यावर फारसीत जो मजकूर कोरलेला आहे, त्यात मरियमपुत्र ईसाचं नाव आहे. मशिदीच्या दारावर येशूचं नाव बघून पुष्कळांना नवल वाटतं. वास्तविक इस्लाममध्ये ईसा थोर पैगंबर मानले जातात, तेव्हा त्यांचं नाव तिथं असण्यात वावगं काहीच नाही. पण ख्रिस्ती माणूस येशूला पैगंबर म्हणून थांबत नाही, तो त्याची उपासना करतो. घोळ इथून सुरू होतो, आणि तो आजचा नाही.

1580 मध्ये गोव्याहून तीन जेझुइट धर्मगुरू याच सिक्रीत पोहोचले: रुडॉल्फ अक्वाविवा, अँटोनी मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक्स. अकबराने त्यांना स्वतः बोलावून घेतलं होतं. त्यांनी दिलेलं बायबल त्याने आदराने मस्तकी लावलं, मुल्लांशी त्यांचे वाद लावून ते मन लावून ऐकले. मात्र दोन गोष्टी त्याच्या गळी शेवटपर्यंत उतरल्या नाहीत. देवाला मुलगा कसा असेल? आणि एकच देव तीन कसा असेल? अक्वाविवा 1583 मध्ये गोव्याला परतले आणि त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीला मारले गेले. अकबराच्या शंका मात्र जिवंत राहिल्या.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. त्याच शंका मला शाळेच्या बाकापासून आजवर विचारल्या गेल्या आहेत, आणि विचारणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं की आम्ही जे मानतच नाही ते आमच्या नावावर खपतं, आणि कित्येकदा आमचीच माणसं घाईत चुकीचं उत्तर देऊन मोकळी होतात.

‘हा इंग्रजांनी आणलेला देव’

हा गैरसमज खुद्द जयपूरच दूर करतं. शहर वसलं 1727 मध्ये. ते वसवणाऱ्या सवाई जयसिंहाला ग्रहगणित अचूक हवं होतं, म्हणून त्याने फादर मान्युएल द फिगेरेदो या जेझुइटाला थेट लिस्बनला धाडलं. 1734 मध्ये बंगालमधल्या चंदननगरहून फादर बूदिए आणि फादर पोंस जयपुरात आले. 1740 मध्ये बव्हेरियाचे फादर स्ट्रोबल आणि फादर गाबेल्सबर्गर आले. यांपैकी गाबेल्सबर्गर पुढच्याच वर्षी जयपुरात वारले. युरोपातून आलेल्या, ला हीर या खगोलज्ञाच्या कोष्टकांत चंद्राचं स्थान अर्ध्या अंशाने चुकतं, हे जयसिंहाच्या वेधांत उघड झालं आणि त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथात ते नोंदलं गेलं. त्याच राजाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते, मूळचे महाराष्ट्रातले; त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. मराठी पंडित आणि ख्रिस्ती धर्मगुरू एकाच राजाच्या आश्रयाला होते, आणि त्या राजाला प्रत्येक दावा तपासून घ्यायची सवय होती. जयपूरचा इंग्रजांशी तह झाला तो 1818 मध्ये, म्हणजे यानंतर पाऊणशे वर्षांनी. स्कॉटिश मिशनचे डॉक्टर कॉलिन व्हॅलेंटाइन 1866 मध्ये महाराजा रामसिंहांच्या काळात जयपुरात स्थिरावले, तोवर फादर मंडळींचं येणं जुनी गोष्ट झाली होती.

आणि येशू तर जन्माने आशियातला, यहुदी घरातला, अरामी बोलणारा. गोरी कांती आणि निळे डोळे ही पुढच्या युरोपीय चित्रकारांची देणगी.

‘देवाला मुलगा, मग बायको कोण?’

अकबराची पहिली अडचण हीच होती. उत्तर सरळ आहे: देवाला देह नाही, पत्नी नाही, आणि शरीरसंबंधातून त्याला मूल झालं असं कुठलंही ख्रिस्ती मंडळ मानत नाही. तसं कुणी शिकवलं तर आम्हीही त्याला पाखंड म्हणू. पिता आणि पुत्र हे नातं काळाच्या आधीचं आहे, पुत्र कधी नव्हता असा क्षणच नाही, ही आमची श्रद्धा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यात मरिया नाही. ती माणूस आहे, येशूची आई आहे.

दुसरी अडचण तीन देवांची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नाहीत, एका देवाचे तीन तुकडेही नाहीत. एकच देव तीन सोंगं घेतो, हे मतही चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. ते साबेल्लियस नावाच्या शिक्षकाच्या नावाने ओळखलं जातं. आमच्या संडे स्कूलमध्ये हमखास सांगतात की पाणी, बर्फ आणि वाफ जशी एकच, तसं त्रैक्य. मुलांना ते पटकन कळतं, पण त्यातून नेमकं साबेल्लियसचंच मत शिकवलं जातं. तोच थेंब एका वेळी बर्फ आणि वाफ असू शकत नाही, आणि शुभवर्तमानात तर पुत्र पित्याशी बोलतो, प्रार्थना करतो. त्यापेक्षा मुलांना सरळ सांगावं: देव एकच आहे, आणि त्या एकाच देवात अनादी काळापासून प्रेम देणं-घेणं आहे. हे पूर्ण उलगडत नाही, हेही सांगावं. न उलगडणं आणि परस्परविरोधी असणं यांत फरक आहे.

आपल्याकडे सहृदय माणसं अनेकदा म्हणतात, ‘येशू म्हणजे आणखी एक अवतार, आम्हीही मानतो की!’ त्यामागचा आदर खरा असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं तेव्हा त्यांनीही मराठी ओवीचा आणि पुराणाचाच घाट निवडला. तरी आमचा दावा वेगळा आहे. देव एकदाच माणूस झाला, भुकेला झाला, मित्राच्या थडग्याशी रडला, खरोखर मेला, पुन्हा उठला आणि ते मानवीपण त्याने नंतर टाकून दिलं नाही. त्याचं शरीर केवळ भास होतं असं म्हणणारे पहिल्या शतकांतच निघाले होते. त्यांनाही चर्चने नकार दिला. 451 मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने चर्चची श्रद्धा नेमक्या शब्दांत बसवली: एकच व्यक्ती, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. अर्धा-अर्धा नाही.

‘325 साली मतदान करून येशूला देव केलं’

कादंबऱ्या आणि मोबाइलवरच्या चित्रफितींनी हा गैरसमज फार पसरवला. सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथं बिशपांना जमवलं, हात वर करवले आणि एका साध्या शिक्षकाचा देव झाला, अशी ती गोष्ट.

निकेयाची परिषद खरी. वाद मात्र दुसराच होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र सर्वांत श्रेष्ठ आहे, जगाच्या आधीचा आहे, पण निर्माण केलेला आहे. येशू केवळ भला माणूस होता, असं तिथं जमलेल्यांपैकी कुणाचंच म्हणणं नव्हतं, अगदी आरियसचंही नाही. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. सुमारे तीनशे बिशपांपैकी सही न करणारे शेवटी दोन उरले. आणि सम्राटाच्या मर्जीने श्रद्धा ठरली असती तर आरियसच जिंकला असता, कारण कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँटियस आरियसच्या पक्षाकडे झुकलेला होता. निकेयाची बाजू लावून धरणाऱ्या अथानासियसला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. रविवारी चर्चमध्ये म्हटला जाणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, पुढे 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आजच्या रूपात आला.

त्याआधीचे पुरावे तर हाताशी आहेत. इस्राएलमध्ये मगिद्दो इथं तुरुंगाच्या आवारात 2005 मध्ये सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या फरशीवर येशूचा उल्लेख देव म्हणून आहे. रोममध्ये पॅलाटिन टेकडीवर कुणीतरी भिंतीवर एक टिंगलीचं चित्र ओरखडलं होतं: गाढवाचं डोकं असलेला माणूस क्रुसावर, खाली हात उंचावलेला एक तरुण, आणि हा अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय अशा अर्थाची ओळ. चेष्टा करणाऱ्यालासुद्धा माहीत होतं की हे लोक क्रुसावरच्या माणसाला देव मानतात. साधारण 112 मध्ये बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला कळवतो की हे लोक ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र गातात. आणि बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र तर येशूच्या मृत्यूनंतर जेमतेम तीस वर्षांच्या आसपासचं. प्रत्येक गुडघा देवापुढेच टेकेल, असं यशयाच्या ग्रंथात आहे. पौल तो मान येशूला देतो.

मला सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट ही, की हे पहिले उपासक यहुदी होते. देव एकच आहे हे दिवसातून दोनदा म्हणणारी, माणसाला देव मानण्यापेक्षा मरण पत्करणारी ही माणसं. अशा घरांतून येशूची उपासना सुरू झाली. त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकतो. पण तीनशे वर्षांनी कुणी राजाने ते लादलं, असं म्हणता येत नाही.

‘ख्रिस्ती झालं की प्रश्न विचारायचे नाहीत’

इथं पंडिता रमाबाईंचं नाव घ्यावंच लागतं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या त्या वाटचालीत नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा वाटा होता. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित 1848 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताचं देवत्व सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. रमाबाईंनी मात्र ते देवत्व मुकाट्याने स्वीकारलं नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्य, येशूचं देवत्व, अथानासियसच्या नावाचा मतांगीकार या सगळ्यांवर त्या बाईंनी निर्भीडपणे बोट ठेवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, हाही त्यांचाच आग्रह. आपण देवाचं वचन मानलं आहे, धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टरना त्यात अहंकार दिसला. मला त्यात वेदांतात मुरलेल्या घरची मुलगी दिसते, जिला तोंडदेखलं ‘हो’ म्हणणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं वाटत होतं.

रमाबाई तिथं थांबल्या नाहीत. धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता, अशा आशयाचं त्यांनीच पुढे लिहिलं. तो सापडल्यावर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांच्यासाठी त्या राबल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा ते काम पुरं झालेलं होतं. छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. येशूच्या देवत्वावर इतके कठोर प्रश्न विचारणाऱ्या बाईने त्याच्यासाठी आयुष्य ओतावं, यापेक्षा प्रामाणिक श्रद्धा मला ठाऊक नाही.

‘तुम्ही तर मरियेची आणि संतांचीही पूजा करता’

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला गेलेल्या कुणालाही हे वाटेल. मेणाचे हातपाय, मेणबत्त्या, रांगा. कॅथलिक शिकवणीत आराधना फक्त देवाची; मरियेला आणि संतांना मान आणि विनवणी, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढी. 787 मध्ये निकेयाच्याच दुसऱ्या परिषदेने हा फरक ठरवला. प्रॉटेस्टंट मंडळी संतांना विनवत नाहीत. जत्रेतल्या गर्दीत प्रत्येक जण हा फरक पाळतो असा माझा दावा नाही. धर्मगुरू तो वारंवार सांगतात, कारण सांगावा लागतो.

‘भक्ती म्हणजे रविवारची प्रार्थना’

वर आलेल्या प्लिनीच्या पत्रात आणखी एक तपशील आहे, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांनीच तो आधी वाचायला हवा. पहाटे जमून स्तोत्र गायल्यावर हे लोक शपथ घेत: चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव परत मागितली तर नाकबूल होणार नाही. हे एका परक्या अधिकाऱ्याने चौकशीत नोंदलेलं आहे. देव माणूस झाला असं मानायचं, आणि समोरच्या माणसाची ठेव बुडवायची, हे त्या पहिल्या उपासकांच्या हिशेबात बसत नव्हतं. येशूच्या देवत्वावर उत्तम व्याख्यान देऊन घरच्या कामवालीचा पगार थकवणारा ख्रिस्ती माणूस अथानासियसच्या बाजूचा नाही, तो कुठलाच नाही.

उपासनेची भाषा आणि चाल मात्र कुठलीही चालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं अहमदनगरपासून पुण्यापर्यंत टाळांवर गायली गेली. जयपुरात मिस्सा हिंदीत होते. 2005 पासून तिथं स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे, उत्तर भारतीय चर्चची मंडळीही आहेत.

जयपूरच्या सहलीत रविवार आला तर एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसा. मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर मात्र बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिली जाते, तेव्हा जागेवर बसून राहावं; कुणी वाईट मानत नाही. मतांगीकार म्हटला जाईल तेव्हा नीट ऐका, आणि उपासना संपल्यावर जे पटलं नाही ते दारात उभ्या असलेल्या धर्मगुरूंना विचारा.