हौशी रेडिओ मंडळ आणि त्याचा पुनःक्षेपक

हातात मावणाऱ्या बिनतारी यंत्रावरून किती दूर बोलता येईल, हे यंत्राच्या शक्तीपेक्षा एरियलच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. स्थानिक संभाषणासाठी हौशी रेडिओचालक मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा कंप्रतापट्टा वापरतात. या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर असून त्या बव्हंशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर यंत्रे धरलेल्या दोन व्यक्तींमध्ये, उघड्या मैदानातही, सुमारे १० किलोमीटरनंतर पृथ्वीची वक्रता आड येते. दिल्लीच्या दाट वस्तीत हे अंतर पुष्कळच घटते.

ही अडचण पुनःक्षेपक, म्हणजेच रिपीटर, दूर करतो. टेकडीच्या दोन बाजूंस उभ्या असलेल्या माणसांना परस्परांची हाक ऐकू येत नाही. परंतु माथ्यावरील तिसरा मनुष्य एकाचे शब्द दुसऱ्यास मोठ्याने सांगू शकतो. पुनःक्षेपकाचे कार्य असेच असते. त्याचे ग्राहक यंत्र क्षीण संदेश ग्रहण करते आणि प्रेषक यंत्र तोच संदेश तत्क्षणी अधिक शक्तीने प्रसृत करते. दोन्ही क्रिया एकाच कंप्रतेवर झाल्यास त्याच्या स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बधिर होतील. म्हणून या पट्ट्यात ऐकण्याच्या व बोलण्याच्या कंप्रतांत सामान्यतः ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. सभासदाच्या यंत्रावर हीच योजना उलट करावी लागते.

यमुनाकाठचा हा प्रदेश बहुतांशी सपाट आहे. तेथे ६४ मीटर उंचीवरील एरियलचे रेडिओक्षितिज सुमारे ३३ किलोमीटरवर असते. हातातील यंत्राचे पाच किलोमीटर त्यात मिळविल्यास ३८ होतात. असा पुनःक्षेपक कॅनॉट प्लेसजवळ असेल, तर गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद व नोएडा ही शहरे त्याच्या वर्तुळात येतात. इमारतींमुळे प्रत्यक्ष पल्ला अर्थातच कमी भरतो.

केवळ यंत्र विकत घेतल्याने बोलण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती परीक्षेस बसू शकते. परीक्षेत रेडिओचे तत्त्व व नियम हे दोन विषय असतात. वरच्या श्रेणीसाठी मिनिटास आठ शब्द या गतीने मोर्स लिपीही यावी लागते. उत्तीर्ण चालकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. ही तयारी मंडळात सुलभ होते. हौशी चालकांच्या संघटनेची परंपरा दिल्लीत जुनीच आहे: १९४८ साली महू येथे स्थापन झालेला क्लब १९५४ मध्ये दिल्लीस येऊन अखिल भारतीय सोसायटी बनला.

नव्या सभासदाने प्रथम अनुभवी चालकाच्या केंद्रावर बसून ऐकावे. पुनःक्षेपक हे सर्वांचे एकच मुख असते. एक बोलत असता इतरांना थांबावे लागते. म्हणून आपले संकेतनाम सांगून थोडक्यात बोलावे आणि दोन वाक्यांमध्ये क्षणभर विराम ठेवावा; कदाचित कोणास तातडीचा संदेश द्यावयाचा असेल. व्यापारी मजकूर व गुप्त भाषा यांस येथे मज्जाव आहे.

या शिस्तीचे मोल संकटकाळी कळते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे पथक पोर्ट ब्लेअर येथे होते. २६ डिसेंबरच्या त्सुनामीने तेथील दूरध्वनी व्यवस्था कोलमडली, तेव्हा या पथकाने आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या लघुलहरींनी मुख्य भूमीशी संपर्क राखला. तेथे चालकांचा सरावच कामास आला.

दिल्ली हा भूकंपप्रवण प्रदेश आहे. पुनःक्षेपकासही वीज लागते आणि त्याचा मनोरा इतर मनोऱ्यांप्रमाणेच पडू शकतो. यास्तव सुज्ञ मंडळे त्यास बॅटरीची जोड देतात आणि त्याच्या मदतीवाचून, यंत्राकडून यंत्राकडे थेट बोलण्याचाही नियमित सराव करवितात. शेजारच्या चालकापर्यंत आपला आवाज थेट पोहोचतो की नाही, हे प्रत्येक सभासदास संकट येण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे.