स्टेशन बदललं की मेनू बदलतो

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, चार पावलांवर एखादं उडुपी हॉटेल असतंच. दाराशी गल्ला, त्यामागे देवाचा फोटो आणि ताजा हार, टेबलावर बसायच्या आत समोर आदळणारे पाण्याचे ग्लास. इतक्या वर्षांच्या सवयीने आपल्याला ही सगळी हॉटेलं सारखीच वाटतात. मेनूकार्ड नीट वाचलं तर मात्र त्या स्टेशनवर कोण उतरतं, कोण राहतं, हे त्यात दिसतं.

या हॉटेलांचं मुंबईतलं मूळ घर माटुंगा. तिथलं कॅफे मद्रास १९४० चं आणि ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. नोकरीसाठी घर सोडून आलेल्या दाक्षिणात्य कारकुनांना केळीच्या पानावर घरासारखा भात मिळावा, ही तेव्हाची गरज होती. उपनगरांत हॉटेलं पसरली त्यामागे आणखी एक कारण आहे आणि त्याचा खाण्याशी थेट संबंध नाही. कर्नाटकात १९७४ मध्ये जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि कुळांनी कसलेल्या जमिनी कुळांच्या झाल्या. दक्षिण कन्नड भागातल्या अनेक बंट कुटुंबांची, म्हणजे आपल्या ओळखीच्या शेट्टींची, शेती गेली. तरुण मुलं मुंबईतल्या मामा-काकांच्या हॉटेलांत आली. दिवसा टेबल पुसायचं, संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जायचं, मग वेटर, मग गल्ला, मग स्वतःची भागीदारी, अशी ती वाट होती. नेमक्या त्याच काळात मुंबई उत्तरेला सरकत होती. नव्या सोसायट्यांना तळमजल्यावर भाडेकरू हवा होता आणि रहिवाशांना परवडणारा नाश्ता.

अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ पासून आहे, शेजारी मरोळची एमआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत. त्यामुळे इथल्या उडुप्याचा खरा धंदा दुपारी. राइस प्लेट हा त्या तासा-दोन तासांचा कणा. चपात्या, दोन भाज्या, डाळ, भात, पापड, लोणचं, सगळं आधीच तयार असल्यामुळे ऑर्डर दिल्यापासून ताट यायला वेळ लागत नाही. अनोळखी माणसं एका टेबलावर बसतात, शेवटचा घास पोटात जाईपर्यंत बिल आणि बडीशेप हजर असते. कमी दरात जेवण देणं हॉटेलला परवडतं ते खुर्ची लवकर रिकामी होते म्हणून. दुपार कलली की राइस प्लेट बंद, आणि संध्याकाळी सगळा भार डोशाच्या तव्यावर. तांदूळ-उडदाचं पीठ सकाळी इडलीला, संध्याकाळी डोशाला आणि उत्तप्प्याला. मुंबईच्या उकाड्यात ते झपाट्याने आंबतं, म्हणून उन्हाळ्यात पीठ कधी फ्रीजमध्ये ढकलायचं याचा अंदाज असलेला माणूस स्वयंपाकघरात सर्वांत मोलाचा.

घाटकोपरला आल्यावर तोच डोसा ओळखू येत नाही. पूर्वेच्या वल्लभबाग लेनमधली खाऊगल्ली त्यासाठीच प्रसिद्ध आहे. इथे बटाट्याची भाजी आत घालून डोसा दुमडला एवढ्यावर भागत नाही. डोसा तव्यावर असतानाच त्यावर लोणी, कोबी, सिमला मिरची, टोमॅटो, शेजवान चटणी पडते, सगळं तिथेच चेचलं जातं, वरून चीज. जिनी डोशाच्या तर पट्ट्या कापून, गुंडाळ्या करून उभ्या मांडतात. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मला त्यांचं पटत नाही. गुजराती आणि जैन वस्तीच्या मधोमध दाक्षिणात्य तवा ठेवला, आणि त्यावर पावभाजीचा हात चालला, की हेच व्हायचं, आणि ते चविष्ट आहे. जैन ग्राहकासाठीचे बदल तर मला पाककौशल्याची कसोटी वाटतात. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, तरी पावभाजीला दाटपणा हवा, म्हणून बटाट्याच्या जागी कच्चं केळं.

तव्यासमोर उभं राहिलात तर एक गोष्ट जरूर पाहा. प्रत्येक डोशाआधी कारागीर तव्यावर पाणी शिंपडून केरसुणीने झाडतो. त्याने तवा साफ होतोच, पण मुख्य म्हणजे थोडा निवतो. फार तापलेल्या तव्यावर पीठ पडल्याक्षणी धरतं, मग वाटीने पातळ पसरवता येत नाही.

मुलुंडला गुजराती, मराठी आणि तमिळ अशी सगळीच घरं आहेत, म्हणून एकाच कार्डावर फिल्टर कॉफी, शेवपुरी आणि मिसळ नांदतात. एकादशीला साबुदाणा वडा हमखास.

बोरिवलीत मात्र थांबायला हवं, विशेषतः रविवारी संध्याकाळी. दाराबाहेर वहीत नाव लिहून वाट पाहणारी कुटुंबं, आजी प्लास्टिकच्या स्टुलावर, एक सूप ‘वन बाय टू’, एक पनीर, चार रोट्या, शेवटी पोरांना फालुदा. वन रूम किचनमध्ये पाहुणे आले, मुलीला बघायला मंडळी येणार असली, कुणी पास झालं, तर बसायला जागा हीच. मग एसीत बसायचं का, हा हिशोब. पूर्वी एसी विभागाचे दर वेगळे असत आणि करही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही बिनएसीला १२ आणि एसीला १८ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटांना सरसकट ५ टक्के झाला. आता एसीत जास्त पैसे लागले तर ते मालकाच्या दरामुळे. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला असेल, तर तो काढायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले.

मला काळजी वाटते ती खुर्च्यांची. जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत आणि त्यांच्याबरोबर तळमजल्यावरचं हॉटेलही जातं. परत येतं ते बऱ्याचदा उभ्याने खायचं काउंटर किंवा फक्त पार्सल देणारं स्वयंपाकघर होऊन. दुकानाचे चौरस फूट मोजून मिळतात, पण भट्टीच्या धुराची चिमणी, भांडी धुवायचं पाणी, सिलिंडर ठेवायची सुरक्षित जागा आराखड्यात नसेल, तर तिथे पुन्हा हॉटेल उभं राहू शकत नाही. बिल्डर सोसायटीत नकाशा मांडतो, तेव्हा पार्किंगबद्दल सगळे विचारतात. तळमजल्याच्या त्या गाळ्याला चिमणी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा. एकदा नकाशा मंजूर झाला की ती नंतर मिळवणं अवघड.