पुणें ते नागपूर : आकाशमार्गाचें गणित

“नागपूर म्हणजे काय, विमानानें सव्वा तासाचें अंतर !” हें वाक्य हल्लीं अनेक घरांतून ऐकूं येतें. मुलगा नोकरीसाठीं पुण्यास निघाला, कीं नागपूरच्या वडील माणसांचें समाधान याच वाक्यानें करण्यांत येतें. तें कितपत खरें आहे, हें वाचकांनीं एकदां पाटी-पेन्सिल घेऊन पाहावें.

प्रथम अंतर पाहूं. लोहगांव व सोनेगांव येथील विमानतळांमध्यें दक्षिणोत्तर अंतर सुमारें २८० किलोमीटर व पूर्वपश्चिम सुमारें ५३५ किलोमीटर भरतें. यांस भुज व कोटि मानून शुल्बसूत्रांच्या काळापासून ठाऊक असलेल्या नियमानें कर्ण काढला, तर तो सुमारें ६०५ किलोमीटर येतो. हाच विमानाचा मार्ग. आगगाडीस कर्णानें जातां येत नाहीं. ती नागपुराहून वर्धा, अकोला, भुसावळ अशी पश्चिमेस जाते व मनमाडास दक्षिणेकडे वळून अहिल्यानगर, दौंड करीत पुण्यास येते. म्हणूनच २०२५ सालीं सुरू झालेल्या वंदे भारत गाडीस ८८१ किलोमीटर धांवावें लागतें व सुमारें बारा तास लागतात.

आतां काल पाहूं. जेट विमानाचा वरच्या आकाशांतील वेग ताशीं सुमारें ८०० किलोमीटर असतो. त्रैराशिक मांडल्यास या प्रवासास पाऊण तास पुरावा. मग वेळापत्रकांत सव्वा तास किंवा त्याहून अधिक कां ? कारण चढतांना व उतरतांना विमानाचा वेग पुष्कळ कमी असतो. शिवाय विमान आपली जागा सोडतें तेथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा सर्व काल वेळापत्रकांत धरलेला असतो. धांवपट्टीपर्यंत सरकणें व तेथें पाळी येण्याची वाट पाहणें हींहि त्यांतच आलीं.

परंतु घरच्या माणसाचा काल याहूनहि निराळा. कांहीं वर्षांपूर्वीं नागपुराहून पहाटें पांच वाजतां निरोप आला, कीं वडील बंधूंची प्रकृति ढांसळली असून ते माझें नांव घेत आहेत. जागा मिळाली ती साडेनऊच्या विमानांत. सामान घेण्याचें काम तासभर आधींच बंद होतें, आणि सदाशिव पेठेंतून लोहगांव गांठावयाचें. म्हणून मीं सात वाजतां घर सोडलें. बंधूंच्या दारीं पोंचलों तेव्हां पावणेबारा वाजले होते. त्यांची वाचा अकरा वाजतां बंद झाली होती. त्यांनीं माझा हात धरला. बोलणें मात्र झालें नाहीं.

यांत दोष विमानाचा नाहीं. आगगाडीनें गेलों असतों, तर रात्रच झाली असती. दोष आपल्या मोजणीचा आहे. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पावणेपांच तास लागले, आणि निरोप आल्यापासून पावणेसात.

ज्यांचीं मुलें दूर आहेत, त्या घरांनीं हा हिशेब आधींच करून ठेवावा. दिवसाचें पहिलें व शेवटचें विमान केव्हां सुटतें, घरापासून विमानतळास किती वेळ लागतो, हें कागदावर लिहून दिनदर्शिकेशेजारीं लावावें. आणि वडील मंडळींची प्रकृति नरम असल्याचें कळतांच बोलावण्याची वाट न पाहतां एकदां जाऊन यावें. त्या आधींच्या दिवाळींत बंधूंनीं मला बोलाविलें होतें. “सव्वा तासाचें तर अंतर, केव्हांहि येईन,” असें मीं त्यांस कळविलें होतें.