ट्रॅक्टरमागचे कापणीयंत्र : समज आणि वस्तुस्थिती

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. त्याच साली ब्रिटनमध्ये हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाला, अवजार ट्रॅक्टरला जोडून त्याची खोली हायड्रोलिकने आपोआप राखण्याच्या योजनेचे पेटंट मिळाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु पाटपाण्यावर ज्या मुलखात ऊस पिकला आणि पुढे दुभत्या जनावरांसाठी लसूणघास व संकरित नेपिअर यांची लागण झाली, त्याच राहुरी-श्रीरामपूर-संगमनेरच्या मुलखात आज फर्ग्युसनच्या तीन सांध्यांच्या जोडणीवर टांगलेले चाराकापणी यंत्र किंवा पाचट कुट्टीचे मशीन पाहावयास मिळते. यंत्राबरोबर त्याच्याविषयीचे काही समजही रूढ झाले असून, त्यांतील एकदोन जिवावर बेतणारे असल्यामुळे त्यांची खातरजमा होणे अगत्याचे आहे.

सर्वांत घातक समज असा की, लिव्हर ओढून यंत्र वर उचलले आणि इंजिन बंद केले, म्हणजे ते रात्रभर अधांतरी सुरक्षित राहते. खाली टेकवले तर मात्र पाती मातीत रुतून गंजतात. इंजिन चालू असेतोवर पंप तेल पुरवीत असतो, हे खरे. परंतु इंजिन थांबताच पंपही थांबतो, आणि मग यंत्राचा काही क्विंटलांचा सारा भार सिलिंडरात कोंडलेल्या तेलावर, म्हणजेच ते तेल अडवून धरणाऱ्या झडपेवर आणि सीलवर येऊन पडतो. सील थोडे जरी झिजलेले असले, तरी तेल हळूहळू परत जाते आणि सायंकाळी हातभर वर असलेले यंत्र सकाळी जमिनीला लागलेले आढळते. याहून मोठा धोका लिव्हरचा आहे. यंत्र खाली येण्यास पंपाची गरजच नसते, गुरुत्वाकर्षण तेवढे पुरते. म्हणून बंद ट्रॅक्टरवर चढून बसलेल्या मुलाचा हात लिव्हरला लागला, तरी यंत्र क्षणार्धात खाली येऊ शकते. गंजाची धास्ती तर निराधारच म्हणावी लागेल, कारण नीट टेकवलेले यंत्र पात्यांवर बसत नाही, बाजूच्या घसरपट्ट्यांवर बसते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात त्या रुतू नयेत एवढ्यासाठी खाली जाड फळी घालावी, किंवा यंत्र मुरमाच्या सपाट जागी उभे करावे.

पाती बदलण्यासाठी उचललेल्या यंत्राखाली शिरणारे पुष्कळजण ‘हायड्रोलिक धरून आहे’ असे म्हणून निश्चिंत असतात. हायड्रोलिकचे काम उचलण्याचे आहे. धरून ठेवण्याचे काम लाकडाच्या भक्कम ओंडक्यांचे किंवा लोखंडी स्टँडचे आहे, आणि ते विटांच्या रचलेल्या थरावर सोपवणे तितकेच गैर आहे, कारण वीट एकाएकी फुटते.

कापणीच्या उंचीविषयीचा समज निराळ्या प्रकारचा आहे. जितके खाली कापावे तितका चारा अधिक, अशी सार्वत्रिक भावना दिसते, आणि तिचे मूळ, मला वाटते, उसात आहे. खोडवा राखताना उसाचे बुडखे जमिनीलगत छाटण्याची शिफारस केली जाते व ती यथार्थ आहे, कारण तेथे जोमदार फुटवे जमिनीखालील डोळ्यांतून यावे लागतात. तीच सवय लसूणघासाला लावली की नुकसान होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘आरएल-88’सारखा वाण एकदा पेरून अनेक कापण्या देतो तो बुडख्याजवळच्या माथ्यातून फुटणाऱ्या कोंबांच्या बळावर, पाती त्या माथ्यावरच चालली की पुढची कापणी उशिरा येते, झाडे विरळ होतात आणि चाऱ्यात माती मिसळते ती वेगळीच. लसूणघास जमिनीपासून सुमारे 5 ते 7 सेंटिमीटर आणि नेपिअर सुमारे 15 सेंटिमीटर सोडून कापावा.

ही उंची लिव्हरने राखावी, हा आणखी एक गैरसमज. पोझिशन कंट्रोलचा लिव्हर यंत्राला ट्रॅक्टरच्या मानाने ठरावीक उंचीवर ठेवतो, जमिनीच्या मानाने नव्हे. म्हणून पुढची चाके वरंब्यावर चढली की मागचे यंत्र खाली दबते. ड्राफ्ट कंट्रोल तर नांगराला होणारा मातीचा विरोध ओळखण्यासाठी आहे. मातीत न शिरणाऱ्या कापणीयंत्राच्या बाबतीत त्याला ओळखण्यासारखे काहीच नसते. उंची घसरपट्ट्यांवर किंवा मागच्या चाकावर बांधावी, टॉप लिंकने गोल पात्याच्या यंत्राची पुढची कड मागच्या कडेपेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली ठेवावी, आणि ही सर्व मापे पक्क्या, सपाट जागी, इंजिन बंद करून घ्यावीत.

पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती यंत्राला पुरवणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, बंद केला की पाती थांबतात, असे मानून लगोलग मागे जाणारा इसमही धोका पत्करतो. मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेणाऱ्या शाफ्टने एकदा फिरवलेली जड पाती शक्ती तुटल्यावरही काही वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतात. इंजिन बंद करून, किल्ली काढून, पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच उतरावे.

यंत्र सोडतानाही क्रम पाळावा : हँडब्रेक लावून यंत्र पूर्ण टेकवावे, इंजिन बंद करावे, पीटीओ शाफ्ट काढावा, टॉप लिंक सैल करून सोडावी आणि खालचे दोन्ही आर्म शेवटी मोकळे करावेत. शाफ्ट शेतात पडू न देता ग्रीस लावून छपराखाली ठेवावा. त्यावरचे प्लास्टिकचे आवरण तडकले असल्यास पुढील हंगामाची वाट न पाहता नवे बसवावे, कारण उघड्या शाफ्टात धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकण्यास एक क्षणही लागत नाही.